धाकटीच्या गालावरचा पोचा

जुन्या वस्तू मोबाइलवर बोली लावून विकणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग आहे. हा राग उगाच आलेला नाही, कमावलेला आहे. आमच्या घरात ही माणसं शिरली ती नवऱ्याच्या निवृत्तीनंतर. सरकारी कचेरीत जन्म घालवलेल्या माणसाला दुपारचं काय करावं ते सुचेना, तेव्हा भाच्यानं त्यांच्या फोनवर एक अॅप टाकून दिलं. त्यावर काही लोक घरातली अडगळ मांडतात, बाकीचे बोली लावतात आणि शेवटची बोली ज्याची, त्याच्या गळ्यात ती अडगळ पडते.

आमच्या गळ्यात काय काय पडलं ते सांगते. एक दुर्बीण आली, तिच्या एका डोळ्यातून बुरशीशिवाय काही दिसत नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ आलं, ते आडवं निजवलं तरच चालायचं. 'अगदी नव्यासारखा' मिक्सर आला, त्याच्याबरोबर भांडं भलत्याच कंपनीचं. दरवेळी आमचे हे खोकं उघडून वस्तू उलटसुलट करायचे आणि मग म्हणायचे, "आता पाह्य ना, काय करता येते काय तं." म्हणजे आता तू भांड.

भांडायला मी कमी नाही. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात बिलाच्या खिडकीवर माझी सगळी नोकरी गेली. पेशंटचे नातेवाईक, विम्याची माणसं, नगरसेवकांचे मेहुणे, सगळ्यांनी माझ्याशी भांडून पाहिलेलं आहे. आवाज चढवायचा नाही, हे मी तिथं शिकले. आवाज चढवला की समोरच्याला वाटतं आपण अर्धं जिंकलो. मी थंडपणे एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारते. दुर्बीणवाल्यानं शेवटी हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि पैसे परत केले. घड्याळवाल्यानं मला 'माताजी' म्हणून पाहिलं, तरी मी हलले नाही.

त्यांची भाषाही मला पाठ झाली होती. 'व्हिंटेज' म्हणजे गंजलेलं. 'तपासलेलं नाही' म्हणजे तपासलं आणि बंद निघालं. फोटो एकाच बाजूनं काढला असेल तर दुसरी बाजू फुटकी समजायची. एवढी मी हुशार झाले होते, आणि तरी पुढचं घडलं.

श्रावणातली दुपार होती. मी भाजी निवडत होते. ह्यांनी काही न बोलता फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर लिहिलं होतं, पितळी मुखवटे, जोडी, व्हिंटेज, भिंतीवर लावायला सुंदर. खाली फोटो. माझ्या हातातली गवार खाली पडली.

त्या आमच्या महालक्ष्म्या होत्या.

आमच्या विदर्भात गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. थोरली आणि धाकटी, दोघी बहिणी, भाद्रपदात येतात, जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात. आमच्या सासरच्या मुखवट्यांत धाकटीच्या डाव्या गालावर एक पोचा होता. कोणाच्या हातून कधी पडली होती कोण जाणे. सासूबाईंनाही ती तशीच मिळाली होती. माझं लग्न झालं त्या वर्षी त्यांनी ठरवून टाकलं, "थोरली थोरलीनं नेसवाची, धाकटी धाकटीनं." तेव्हापासून थोरल्या देवीला माझी थोरली जाऊ साडी नेसवायची आणि धाकटीला मी. आदल्या दिवशी चिंचेनं मुखवटे घासायचे तेव्हा माझा अंगठा त्या पोच्यात बरोबर बसायचा. नव्या नवरीला परक्या घरात आपलं म्हणावं असं फार काही नसतं. मला तो पोचा होता.

सासूबाई गेल्यावर महालक्ष्म्या रिवाजाप्रमाणे थोरल्या घरी राहिल्या. मग थोरले भासरे, म्हणजे ह्यांचे मोठे भाऊ, गेले. जाऊबाईंनी पुण्याला मुलाकडे जायचं ठरवलं, इथला फ्लॅट रिकामा करायला घेतला, तेव्हा मी तोंड उघडून मागितल्या. "वहिनी, महालक्ष्म्या मले द्या. मी बसवत जाईन."

त्या म्हणाल्या, "थोरल्या घरच्या महालक्ष्म्या धाकट्या घरी जात नसते वं. आई असत्या तं त्यांनी देल्या असत्या का?"

पुढे पुण्याहून फोनवर कळवलं, देवळात देऊन टाकल्या. कोणत्या देवळात ते विचारलं तर रेंज गेली. मी वर्षभर धुसफुसले, देवाला दिल्या म्हणून गप्प बसले. आणि आता त्या भिंतीवर लावायला सुंदर होऊन ह्यांच्या फोनवर आल्या होत्या. फोटोत गालावरचा पोचा स्वच्छ दिसत होता.

"देवळवाल्यायनंच विकल्या असन," हे हळूच म्हणाले. भावाच्या बायकोवर आळ येऊ नये म्हणून ह्या माणसानं अख्ख्या देवस्थानाला चोर ठरवलं.

मी बोली लावली. सासूबाई म्हणायच्या, देवीचा भाव करू नये. मी तो केला नाही. कोणीतरी माझ्यावर चढवत होतं, मी त्याच्यावर चढवत गेले, आणि भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या काडीवरून वाद घालणारी मी शेवटपर्यंत मागे हटले नाही. बोली माझी झाली. यंदा महालक्ष्म्या माझ्या घरी बसणार होत्या. आनंदाच्या भरात मी विकणाऱ्याला निरोप लिहिला, "ह्या देवी आहेत, शोपीस नाहीत. नीट पाठवा." ह्या एका ओळीनं माझा घात केला.

खोकं आलं तेव्हा मी ते दारातच थांबवलं. पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, ह्यांना टोपी घालायला लावली, मगच चिकटपट्टी कापली. आत दोन चेहरे होते. चकचकीत. बँडवाल्यांच्या पिपाण्या असतात तसे. डोळे काळ्या ऑइलपेंटनं रंगवलेले, ओठ लालभडक. मी धाकटी उचलली, अंगठा गालावर ठेवला, आणि तो नुसता घसरला. गाल सपाट होता.

"ह्या आपल्या नाहीत," मी म्हणाले.

"असन बा, पॉलिश केलं असन."

"अवो, पॉलिशनं पोचा जाते का? दुसऱ्याच देल्या त्यानं. खऱ्या कोणाले तरी जास्त भावात विकल्या, अन् बाजारातली जोडी माझ्या माथी मारली."

मी विकणाऱ्याला लिहिलं, फोटोतली वस्तू आणि पाठवलेली वस्तू वेगळी आहे. उत्तर आलं, "मॅडम, फ्री पॉलिश दिया है, प्लीज फाइव्ह स्टार द्या." मी तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्यानं जोडलेले हात पाठवले. मग मी अॅपवाल्यांकडे तक्रार केली, दोन्ही फोटो शेजारी लावून, गालावर बाणाची खूण करून. माझ्या तक्रारी मुद्देसूद असतात. ती मान्य झाली. वस्तू परत करा, माणूस न्यायला येईल, पैसे मिळतील.

मी पुन्हा एकदा जिंकले होते आणि मला त्या जिंकण्याचा संताप आला होता. पैसे घेऊन मी काय आरती करू? महालक्ष्म्या तोंडावर आल्या होत्या आणि माझ्या घरात पाटावर दोन परक्या बाया बसल्या होत्या.

खोक्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता होता. इतवारी. म्हणजे आमच्याच गावातला, आणि पार्सल मात्र कुठल्या कुठल्या गोदामांतून फिरून आलं होतं. मी ऑटो केला आणि गेले. ह्यांना सांगितलं नाही, हे मध्ये पडले असते.

दुकान वरच्या मजल्यावर होतं. जिन्यापासूनच लोकांचे संसार लागले होते. समया, पराती, बंद पंखे, लग्नाच्या आहेरात आलेले डबे, त्यांवर देणाऱ्याघेणाऱ्यांची नावं ठोकलेली. मालक कपाळावर ठसठशीत टिळा लावून बसला होता. मी जाहिरातीतला फोटो फोनवर काढून त्याच्यापुढे धरला.

"ह्या मुखवट्यायच्या जागी तुम्ही दुसरे पाठवले. खरे कुठं हायत?"

"तेच हायत मॅडम. देवाशपथ तेच."

"ह्याच्या गालावर पोचा होता."

"होता ना. भरला ना आपण. कथलाचा डाक देऊन भरला, वरून बफिंग मारली. तुम्हीच लिहिलं होतं ना, देवी हाय म्हणून? मंग देवी अशी तोंड चेमटलेली पाठवू का मी? मले पाप नाही लागन?"

"मले विचारायचं होतं."

"चांगल्या कामाले काय विचाराचं मॅडम? एक रुपया एक्स्ट्रा नाही घेतला. अन् तुम्ही तक्रार टाकली. माझं रेटिंग पडलं."

त्याला खरोखरच वाईट वाटलं होतं, आणि ते पाहून माझा पारा आणखी चढला. लबाड माणसाशी भांडता येतं. पुण्य केलं म्हणून फुशारणाऱ्याशी कसं भांडायचं, हे बिलाच्या खिडकीवर मला कोणी शिकवलं नव्हतं. मी विचारलं, आणल्या कुठून?

"एका फ्लॅटचं सामान उचललं होतं. बाई पुण्याले शिफ्ट होऊन राहिली होती. भांड्यायच्या पोत्यातच होत्या ह्या. मी म्हटलं, बाई, हे देवाचं दिसते, ह्याचा वेगळा भाव देतो. तं म्हणे, नाही, बाकीच्यासंग काट्यावर टाका. वजनावर घ्या."

मी जिना उतरले. खाली कोणाचा तरी नाव घातलेला डबा माझ्या पायाला लागून गडगडत गेला, मी तो उचललाही नाही. देऊळ नव्हतंच. काटा होता. सासूबाईंच्या महालक्ष्म्या कुकरच्या जुन्या झाकणांबरोबर तोलल्या गेल्या होत्या, आणि मी मागत होते तेव्हा मला रिवाज ऐकवला गेला होता.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "वहिनी असं नाही करनार." मी म्हणाले, तुमच्या वहिनीनं केलं. हे म्हणाले, तो भंगारवाला खोटं बोलत असन. मी म्हणाले, बोलत असन, पण एवढं कशाला जुळवून बोलेल? खरं म्हणजे माझाही त्याच्या अर्ध्याच बोलण्यावर विश्वास बसला होता. जाऊबाईंनी वजनावर विकल्या, हे मला लगेच पटलं, कारण मला ते पटायला हवंच होतं. पण ह्या चकचकीत बाया म्हणजे त्याच, हे काही केल्या पटेना. विकणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, हा माझा नियम. 

दुसऱ्या दिवशी पार्सल न्यायला माणूस येणार होता. मी खोकं काढलं, जुनी वर्तमानपत्रं घेतली आणि आवळायला बसले. मनात म्हणत होते, जा बायांनो, तुमचा काही दोष नाही, पण तुम्ही माझ्या नाहीत. थोरलीच्या पोकळीत कागद कोंबला. मग धाकटी पालथी घेतली आणि कागदाचा बोळा आत दाबला, तर बोटाला काहीतरी लागलं.

मी बोळा काढला. नुसता हात आत घातला. डाव्या गालाच्या आतल्या बाजूला एक टेंगूळ होतं.

पोचा म्हणजे बाहेरून खड्डा आणि आतून उंचवटा. खड्डा त्यानं डाक देऊन भरला, घासला, चमकवला. आत कोण पाहतं? आतलं पितळ काळंच होतं, जुनं, आणि मुखवटा बसवताना इतकी वर्षं माझीच बोटं तिथून फिरलेली होती. मी ते टेंगूळ चाचपत बसून राहिले. रडले, सरळ सांगते. मी सहसा रडत नाही, समोरच्याला रडवते.

बेल वाजली. दारात पार्सलवाला.

"मॅडम, रिटर्न?"

"नाही."

"कॅन्सल का? कारण टाका लागते त्याच्यात."

"टाका, वस्तू बरोबर आहे."

तो बिचारा खाली मान घालून टाइप करत गेला. विकणाऱ्याला मात्र मी एकच तारा दिला. पाचव्या ताऱ्यापर्यंत माझं बोट जाणं शक्य नव्हतं. परक्याच्या देवीचं तोंड न विचारता सरळ करणाऱ्याला एक ताराही जास्त झाला.

ह्यांनी टर्पेंटाइनमध्ये कापूस बुडवून डोळ्यांचा आणि ओठांचा रंग काढला. इतक्या हळुवार हातानं की जणू कोणाला जाग येईल. मी शेजारी बसून जाऊबाईंना फोन लावला.

"वहिनी, यंदा मी महालक्ष्म्या बसवून राहिली. तुम्ही या."

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला. मग, "कुठून आणल्या वं?"

"ऑनलाइन. जुन्या हायत, पण चांगल्या हायत."

हे माझ्याकडे पाहत होते. त्यांना वाटलं मी फोनवरच बॉम्ब टाकणार. मला फोनवर टाकायचाच नव्हता. मला त्यांचं तोंड पाहायचं होतं.

जाऊबाई आवाहनाच्या दिवशी सकाळच्या गाडीनं आल्या. मी त्यांच्या पाया पडले, चहा दिला, पुण्याच्या हवेची चौकशी केली. त्या समोरच्या खोलीत भिंतीला टेकून खुर्चीवर बसून राहिल्या. लोखंडी उभे सांगाडे मी सजवले होते. थोरलीला हिरवी साडी, धाकटीला जांभळी. मुखवटे शेवटी बसवतात. ते ताटात झाकून ठेवले होते.

"वहिनी, या इकडे. हात लावा."

"मी कशी लावू वं आता. मले नाही चालत. हे गेल्यावर लोकं म्हणतेत..."

"लोकं तुमच्या घरी. माझ्या घरी मी हाय. या."

त्या उठल्या. मी ताटावरचं कापड काढलं. त्यांनी दोन्ही चेहऱ्यांकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला सुटका दिसली. चकचकीत, गुळगुळीत, परक्या बाया. त्या म्हणाल्यासुद्धा, "छान हायत. नव्यासारख्या."

मी थोरली त्यांच्या हातात द्यायला हवी होती. मी धाकटी दिली. मुद्दाम दिली.

मुखवटा सांगाड्यावर बसवायचा तर हात आत घालावाच लागतो. त्यांनी घातला. दोन पावलं पुढे गेल्या, आणि थांबल्या. बोटं आत फिरली. परत फिरली. त्यांनी मुखवटा वळवून डावा गाल पाहिला. गाल सपाट होता. पुन्हा हात आत गेला.

"कुठून आणल्या म्हणलीस?"

"देवळातून," मी म्हणाले. "तुम्ही देल्या होत्या ना, त्याच."

मी श्रावणापासून ह्या वाक्याची वाट पाहत होते. बोलून झालं आणि पोटात थंडावा काही पडला नाही. स्वयंपाकघरात हे आंबील ढवळत होते, तो चमचाही थांबला. जाऊबाई मुखवटा पोटाशी धरून खालीच बसल्या. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "हे गेल्यावर माझ्यानं ह्यायले हात लावनं होत नव्हतं. अन् तुझा हात लागलेला पाहनंही होत नव्हतं. एवढंच होतं ते."

"मग म्हणून काट्यावर टाकल्या?"

"पोत्यात टाकताना डोळे मिटून टाकल्या."

"मी मागितल्या तेव्हा हे बोलाचं होतं. मी ऐकून नसतं घेतलं का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "तू भांडली असती."

 मी भांडलेच असते. थंड आवाजात, एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारत, त्यांनी हात जोडेपर्यंत.

माझा राग गेला नाही. आजही पूर्ण गेलेला नाही, कुकरच्या झाकणांची आठवण झाली की उसळतो. मी त्यांच्या हातातून धाकटी काढून घेतली आणि थोरली ठेवली.

"ही तुमची. मुहूर्त चालला."

त्यांनी पदराला हात पुसले आणि थोरली बसवली. मी धाकटी बसवली. मग त्या मागे सरल्या, दोघींकडे पाहिलं आणि डोळे पुसत म्हणाल्या, "मेल्यानं तोंडं किती चमकवून ठेवली वं."

"पुढच्या वर्षी दोन दिवस आधी या," मी म्हणाले. "चिंचेनं घासाव्या लागतील. मी एकटी नाही घासणार."

त्या आता मोठ्यानं रडायला लागल्या. मी त्यांना गप्प केलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन ह्यांच्या हातातला चमचा घेतला, आंबील बुडाला लागत होती.